कुणाला हाक न मारता उठता आलं पाहिजे: मुंबईत वृद्धनिवास उभारणाऱ्या नवख्यांसाठी

वृद्धनिवास काढायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत दोन प्रश्न येतात: खाटा किती बसतील आणि महिन्याचा खर्च किती येईल. दोन्ही प्रश्न खरेच आहेत. पण नकाशा त्यांच्यावरूनच काढला की स्वस्तातलं हॉस्पिटल तयार होतं. लांबलचक पॅसेज, दोन्हीकडे खोल्या, टोकाला सिस्टरचं टेबल. तिथे माणूस स्वच्छ राहतो, वेळेवर जेवतो, त्याची औषधं चुकत नाहीत, आणि तरी बघता बघता अंथरूण धरतो. उठून कुठे जावं असं तिथे काही नसतं, आणि जायचं म्हटलं तरी कुणाचा तरी हात धरावा लागतो.

ट्रस्टवर नव्याने आलेले विश्वस्त, आईवडिलांच्या रिकाम्या बंगल्यात काही सुरू करू पाहणारी मुलं, असं काम पहिल्यांदाच हाती घेतलेले आर्किटेक्ट, या सगळ्यांना मी एकच कसोटी सांगते आणि ती शेवटपर्यंत सोडू नका म्हणते. प्रत्येक दार, पायरी, नळ, बटण, खुर्ची यांच्यापाशी उभं राहून विचारा: ऐंशीच्या पुढच्या आजींना हे कुणाला हाक न मारता करता येईल का? रात्री दोनला संडासला जाणं, खिडकी उघडणं, घोटभर चहा करून घेणं, गॅलरीत जाऊन बसणं, कंटाळा आला की तिथून उठून येणं.

यामागे नुसता भाबडेपणा नाही. १९७६ साली एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या एका नर्सिंग होममध्ये प्रयोग केला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, खोलीतली मांडणी तुम्ही ठरवा, सिनेमा कुठल्या दिवशी बघायचा ते तुम्ही ठरवा, हे रोपटं घ्या आणि त्याला पाणी तुम्हीच घाला. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, सिनेमा दाखवला, फक्त सगळं कर्मचारी बघणार होते. तीन आठवड्यांतच पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत आणि हिंडती-फिरती झालेली दिसली. आपल्या हातात काही उरणं ही म्हातारपणी औषधाइतकी लागणारी गोष्ट आहे, आणि ती द्यायची की काढून घ्यायची हे बऱ्याच अंशी नकाशावरच ठरतं.

पहिलं पाऊल: जागा बघायला जुलैत जा

कर्जत, नेरळ, बदलापूर, वाडा या बाजूला जमीन स्वस्त आणि झाडं भरपूर, म्हणून बहुतेकांचा ओढा तिकडे असतो. मी उलट सांगेन. मुंबईतली लेक किंवा सून रविवारी येते ती लोकलने, घरची कामं आवरून. जाऊन-येऊन चार-पाच तास मोडले की भेटी पंधरवड्यावर जातात, मग महिन्यावर, मग सणावारी. डोंगराच्या कुशीतल्या एकरभर जागेपेक्षा स्टेशनपासून शेअर रिक्षाने दहा मिनिटांत पोचता येईल अशी गोरेगाव, मुलुंड, डोंबिवली किंवा वसईतली लहान जागा मला कितीतरी मोलाची वाटते. आजोबांचं जुनं वाचनालय, ओळखीचा केशकर्तनवाला, नेहमीचं देऊळ जवळ असेल तर त्याहून चांगलं. आयुष्यभर गजबजाटात राहिलेल्या माणसाला एकदम शांततेत नेऊन ठेवलं की ती शांतता त्याला खायला उठते.

जागा पाहायला भर पावसात जा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ते टोक झालं, पण मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की सखल भागांत दर वर्षीच पाणी साठतं. शेजारच्या वाण्याला विचारा, पाणी कुठवर येतं? तो भिंतीवर बोट ठेवून दाखवेल. मीटर, पंप, जनरेटर त्या बोटाच्या बरेच वर असले पाहिजेत, आणि तळमजल्यावर झोपायच्या खोल्या असतील तर त्यांचा जोताही. एकदा संध्याकाळी सातच्या गर्दीत तिथून जवळच्या मोठ्या हॉस्पिटलपर्यंत गाडीने जाऊन बघा. गल्लीत दोन्हीकडे स्कूटर लावलेल्या असताना ॲम्ब्युलन्स वळते का, हेही त्याच फेरीत कळेल.

कागदपत्रं

संस्था कुठल्या रूपात चालवणार (सार्वजनिक न्यास, सोसायटी की ना-नफा कंपनी) ते आधी ठरवा. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाचा कायदा २००७ चा आहे, महाराष्ट्राचे नियम २०१० चे. निवृत्तांसाठीच्या घरांबद्दल केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती नकाशा काढणाऱ्याने वाचलेली असावीत. उपचारासाठी रुग्ण ठेवून घेणार असाल तर नर्सिंग होमची वेगळी नोंदणी लागते. सुया, सलाइनच्या नळ्या, मलमपट्ट्या यांची विल्हेवाट जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे. इमारतीचा वापर बदलत असेल तर महापालिकेची आणि अग्निशमन दलाची परवानगी हातात आल्याशिवाय एक लादीही बसवू नका.

किती जणांचं घर?

२००७ च्या कायद्यात निराधार ज्येष्ठांसाठी दर जिल्ह्यात किमान १५० जण राहू शकतील अशा निवासाची तरतूद आहे. आकडा मोठा असायला हरकत नाही, पण दीडशे माणसं एका हॉलमध्ये जेवायला बसली की कुणी कुणाचं राहत नाही. अमेरिकेत २००३ मध्ये मिसिसिपीतल्या टुपेलो गावी ‘ग्रीन हाउस’ नावाची वृद्धांसाठीची पहिली घरं उघडली. एका घरात दहा-बारा जण, मध्ये मोठं टेबल, उघडं स्वयंपाकघर, भोवती प्रत्येकाची स्वतःची खोली. मुंबईत हे उभ्या रचनेत छान बसतं: एक मजला म्हणजे एक घर. प्रत्येक मजल्याचा स्वतःचा हॉल, स्वतःचं चहाचं ठिकाण, स्वतःच्या ठरलेल्या मावशी, म्हणजे सांभाळणाऱ्या बायका. दहा माणसांची नावं, त्यांच्या सवयी, कुणाला चहात साखर नको, हे सगळं माणूस लक्षात ठेवू शकतो.

एकाला एक खोली हे सर्वांत चांगलं. मुंबईचा भाव पाहता ते जमलं नाही तर दोघांची खोली करा, पण खाटा शेजारी-शेजारी लावून मध्ये पडदा सोडू नका. खोली थोडी काटकोनी वळवली की दोघांनाही आपापली खिडकी मिळते आणि झोपल्यावर एकमेकांचं तोंड दिसत नाही. प्रत्येकाला वेगळा दिवा, वेगळा पंखा किंवा निदान पंख्याच्या झोतापासून बाजूला सरकण्याची सोय, आणि किल्ली असलेलं कपाट. किल्ली कमरेला किंवा गळ्यात असली की माणूस निर्धास्त असतो. नवरा-बायको एकत्र येतील तेव्हा जोडता येतील असे पलंग दोन-तीन खोल्यांत तरी ठेवा.

पलंगापासून संडासापर्यंत

पैसे हात सोडून कुठे खर्चायचे असतील तर या आठ-दहा पावलांवर. बाकीच्या घरात काटकसर चालेल.

रात्री दोन वाजता काय होतं ते बघा. आजी जाग्या होतात. उठून पलंगाच्या कडेला बसतात. पाय जमिनीला पूर्ण टेकले तरच त्यांना उभं राहता येईल. पुस्तकात पलंगाची उंची गादीसकट ४५ ते ५० सेंटीमीटर दिलेली असते, पण आपल्याकडच्या कितीतरी आजी पाच फुटांच्या आतल्या आहेत, त्यांचे पाय त्या उंचीवर लोंबकळतात. म्हणून उंची कमी-जास्त होणारे पलंग घ्या, किंवा सरळ दोन-तीन वेगवेगळ्या उंचीचे करून घ्या आणि माणूस बघून द्या. गादीची कड टणक हवी, बसल्यावर खाली दबली की तोल गेलाच.

आता त्यांना संडासाचं दार दिसलं पाहिजे, उशीवर डोकं असतानाच. दिसलं की आठवतं, आठवलं की वेळेत पोचता येतं. भिंतीच्या पायथ्याला, हालचाल टिपून आपोआप लागणारा पिवळसर मंद दिवा लावा. वरची ट्यूब लावली की डोळे दिपतात आणि शेजारचेही जागे होतात. पलंगापासून दारापर्यंत हात टेकत जाता येईल असं काहीतरी सलग असू द्या: कपाटाची कड, मग भिंतीवरचा कठडा.

दारापाशी पोचल्यावर आपल्या फ्लॅटमधला जुना वैरी भेटतो, कडप्प्याचा उंबरठा. पाणी बाहेर येऊ नये म्हणून तो बसवतात. त्याऐवजी दाराच्या रेषेत लादीच्या पातळीवर लांब जाळीची चर घ्या आणि आतल्या जमिनीला नळाच्या कोपऱ्याकडे उतार द्या. हे लादीकाम सुरू होण्याआधी ठरवावं लागतं, मागून होत नाही. प्लंबर म्हणेल, पाणी येणारच. उतार नीट काढून घ्या, त्यावर बादलीभर पाणी ओतून दाखवायला सांगा, आणि मगच पैसे द्या. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटीमीटर. दार सरकतं किंवा बाहेर उघडणारं हवं, कारण आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्यांच्याच अंगाने अडतं. कडी अशी की आतून लावता येईल आणि गरज पडली तर बाहेरून नाण्याने फिरवून काढता येईल. कडीच काढून टाकणारे मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका, दार लावून घेण्याचा हक्क ऐंशीव्या वर्षीही असतो.

पकडायचे दांडे, म्हणजे ग्रॅब बार, साधारण साडेतीन-चार सेंटीमीटर जाडीचे आणि भिंतीपासून चार-पाच सेंटीमीटर सुटे हवेत, म्हणजे मूठ पूर्ण वळते पण कोपर आत अडकत नाही. एक कमोडच्या बाजूला आडवा, एक त्याच्या पुढच्या टोकाला उभा. उठताना माणूस उभ्या दांड्याला ओढून उठतो. नव्या इमारतींत आतल्या भिंती हलक्या ब्लॉकच्या किंवा जिप्समच्या असतात, त्यांत साधा स्क्रू धरत नाही. दांडा कुठे येणार ते आधीच आखून त्या जागी मागे भक्कम आधार भरून घ्या. टॉवेल लावायची दांडीही तेवढीच मजबूत बसवा, कारण तोल गेला की माणूस हाताला लागेल ते धरतो. आणखी एक: पक्षाघाताने कुणाची उजवी बाजू जाते, कुणाची डावी. दोन बाथरूम पाठीला पाठ लावून केली की एकात दांडा उजवीकडे येतो, दुसऱ्यात डावीकडे. खोली देताना याचा उपयोग करा.

अंघोळ हा वेगळा विषय आहे. आपल्या आजी-आजोबांना शॉवरखाली अंघोळ झाल्यासारखं वाटत नाही, त्यांना बादली आणि तांब्याच हवा. बादली जमिनीवर असली की प्रत्येक तांब्यासाठी वाकावं लागतं आणि तिथेच घेरी येते. बसायच्या स्टुलाशेजारी गुडघ्याएवढा छोटा ओटा बांधा, त्यावर बादली, त्याच्या वर नळ. स्टूल पाठीचं आणि हातांचं घ्या, पायांना रबर असलेलं. नळ दांडीचे हवेत, फिरकीचे नकोत, सांधे दुखणाऱ्या बोटांना फिरकी वळत नाही. नळातलं पाणी ४३ अंशांच्या वर जाणार नाही असा मिक्सिंग व्हॉल्व्ह, म्हणजे गरम-गार पाणी मिसळणारी झडप, गिझरपुढे बसवा, म्हाताऱ्या कातडीला चटका उशिरा कळतो आणि खोल बसतो. लाद्या लहान आणि खरखरीत, कारण सांधे जितके जास्त तितकी पकड चांगली. हाकेच्या घंटीची दोरी जमिनीपर्यंत लोंबती ठेवा. पडलेल्या माणसाला भिंतीवरचं बटण कसं सापडणार?

उजेड, रंग, लादी

साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. भिंगाला पिवळट झाक येते, त्यामुळे फिकट निळा आणि फिकट हिरवा सारखेच दिसतात. मग तुमच्या इंटिरियरवाल्याने सुचवलेली मऊ रंगसंगती त्यांच्या दृष्टीने एकच करडा पडदा होते. भिंत आणि जमीन, जमीन आणि दार, भिंत आणि बटण, कमोड आणि त्याची सीट, या जोड्यांमध्ये गडद-फिका फरक ठसठशीत ठेवा.

मुंबईकरांना आरशासारखी चमकणारी लादी फार आवडते. इथे ती चालणार नाही. पॅसेजच्या टोकाला खिडकी आणि खाली चकचकीत लादी असली की जमीन ओली दिसते, आणि ओल्या जमिनीवर माणूस पाय आखडून चालतो. बिनपॉलिशचा कोटा दगड किंवा मॅट लादी घ्या. फिक्या लादीत काळ्या ग्रॅनाइटची नक्षी किंवा पट्टा मुळीच नको, अंधूक नजरेला ती पायरी किंवा खड्डा वाटते. खऱ्या पायरीची कड मात्र गडद पट्टीने दाखवा. जिन्याला दोन्ही बाजूंना कठडा, आणि तो शेवटच्या पायरीच्या पुढेही फूटभर न्या. उताराला १:१२, म्हणजे बारा फुटांत एक फूट चढ, ही कमाल मर्यादा आहे, जागा असेल तर त्याहून सौम्य करा, कारण व्हीलचेअर ढकलणारी मावशीही बऱ्याचदा पन्नाशीची असते. प्लगची ठिकाणं जमिनीलगत न घेता कमरेच्या आसपास आणा.

गॅलरी: चाळीकडून शिकण्यासारखं

गिरगाव-लालबागच्या चाळींत खोल्या दहा बाय बाराच्या होत्या, तरी तिथली म्हातारी माणसं एकटी पडत नसत, कारण दार उघडलं की गॅलरी होती. जाणारा-येणारा विचारायचा, काय आजी, झाला का चहा? पॅसेजच्या जागी गॅलरी करता आली तर निम्मं काम झालं. रुंदी दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडतील एवढी, म्हणजे १.८ मीटर. प्रत्येक दाराशी भिंत थोडी आत घेऊन एक बाक किंवा खुर्चीची जागा, म्हणजे आजी आपल्या दारात बसल्यासारख्याही आणि चारचौघांतही. कठड्याची भिंत भरीव बांधू नका. उभ्या माणसाला त्यावरून दिसतं, खुर्चीत बसलेल्याला फक्त सिमेंट दिसतं. उभ्या गजांचा कठडा हवा.

समोर काय दिसावं? १९८४ मध्ये रॉजर उलरिच या संशोधकांनी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामकं कमी लागली. झाड हवंच. पण बरोबरीने माणसंही दिसू द्या: शाळेचं फाटक, बसस्टॉप, भाजीची गाडी. मागच्या शांत बाजूला बाग काढून सगळ्या बैठका तिकडे वळवणं हा मला वाया गेलेला खर्च वाटतो. शाळा सुटायच्या वेळी रस्त्याकडच्या खुर्च्या आधी भरतात.

हॉलमध्ये खुर्च्या भिंतीला लावून रांगेत ठेवायची आपल्याकडे रीतच आहे, झाडायला सोपं जातं म्हणून. १९५८ साली कॅनडातल्या सस्कॅचवानमध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सॉमर आणि त्यांच्या सहकाऱ्याने वृद्धांच्या वॉर्डातल्या अशाच खुर्च्या लहान टेबलांभोवती मांडल्या. सुरुवातीला तिथल्या लोकांनाच ते रुचलं नाही, पण काही आठवड्यांत आपसातल्या गप्पा जवळजवळ दुप्पट झाल्या. चार-चार खुर्च्यांची टेबलं करा. खुर्चीचे हात पुढपर्यंत आलेले असावेत, म्हणजे त्यावर जोर देऊन उठता येतं. खोल, मऊ सोफा घेऊ नका, त्यात बसलेल्या आजोबांना उठवायला दोन मामा, म्हणजे पुरुष मदतनीस, लागतात. टीव्हीसाठी वेगळा कोपरा करा, दिवसभर मालिकांचा आवाज चालू राहिला तर कमी ऐकू येणारा माणूस बोलणंच सोडून देतो.

मुंबईत तळमजला गाड्यांनी खाल्लेला असतो, म्हणून गच्ची हेच अंगण. पण लिफ्ट बहुतेक इमारतींत शेवटच्या मजल्यावर थांबते आणि पुढे जिना असतो. लिफ्ट गच्चीपर्यंत न्या, हा आग्रह नकाशाच्या पहिल्या दिवशीच धरा. ती लिफ्ट आडवं स्ट्रेचर मावेल एवढी हवी. गच्चीवर निम्म्या भागाला पत्रा किंवा पांढरं छत, आणि कमरेएवढ्या उंच वाफ्यांत तुळस, मोगरा, कढीपत्ता, म्हणजे न वाकता माती उकरता येते.

जेवण

स्वयंपाकघर तळघरात किंवा मागे टाकू नका, मजल्यावर निदान फोडणीचा वास आणि भांड्यांचा आवाज आला पाहिजे. भूक तिथूनच जागी होते. २००४ मध्ये बॉस्टनमधल्या संशोधकांनी अल्झायमर खूप पुढे गेलेल्या रुग्णांना पांढऱ्याऐवजी गडद लाल रंगाच्या ताटल्या आणि पेले दिले. जेवण सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं, पातळ पदार्थांचं सेवन ८४ टक्क्यांनी. आपल्याकडे पांढऱ्या प्लेटमध्ये दहीभात आणि स्टीलच्या पेल्यात पाणी देतात, दोन्ही नजरेला सापडत नाहीत. गडद रंगाची ताटली ही या सबंध लेखातली सर्वांत स्वस्त सुधारणा आहे, उद्याच करा.

जेवणाच्या टेबलावर दुपारी मेथी निवडायला, मटार सोलायला, वाती वळायला ठेवा. वेळ घालवायचा कार्यक्रम म्हणून ठेवू नका, तीच मेथी रात्रीच्या भाजीत पडली पाहिजे. कोपऱ्यात इंडक्शन शेगडीवर आपला चहा आपण करायची सोय ठेवा, वेळ संपला की आपोआप बंद होणारी. ड्यूटी बदलायची म्हणून संध्याकाळी साडेसहाला रात्रीचं जेवण उरकणं थांबवा, मग पहाटे भुकेने जाग येते आणि त्याला निद्रानाश म्हणून गोळी दिली जाते.

स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी

नेदरलँड्समध्ये ॲमस्टरडॅमजवळ वेस्प इथे २००९ पासून होगेवेक नावाची वसाहत आहे. तिथे स्मृतिभ्रंश असलेली माणसं लहान-लहान घरांत राहतात, दुकानात जातात, चौकात बसतात, आणि सगळी वसाहत बाहेरून सुरक्षित असते. तेवढी जागा आपल्याकडे नाही, पण तत्त्व एका मजल्यावरही उतरतं: चालायला गोल वाट द्या, जी फिरून हॉलपाशीच परत येते. टोकाला बंद दार असलेला पॅसेज माणसाला चिडवतो, तो दार बडवत राहतो. बाहेरचं दार भिंतीच्याच रंगाचं करा, संडासाचं दार उठून दिसेल अशा रंगाचं, वर शब्दांबरोबर चित्र. खोलीच्या दाराशी काचेचा कोनाडा, त्यात लग्नाचा फोटो, गिरणीचं ओळखपत्र, काहीही ओळखीचं. आजच्या फोटोपेक्षा तरुणपणीचा फोटो जास्त ओळखला जातो. मोठे आरसे झाकता येतील असे ठेवा. संध्याकाळी सावल्या लांबल्या की अस्वस्थता वाढते, ‘घरी जायचंय’ सुरू होतं, म्हणून अंधारायच्या आधीच दिवे लावा आणि तेवढ्या वेळेपुरती मावशींची संख्या वाढवा.

पावसाळा आणि वीज

पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या भिंतींवर जून ते सप्टेंबर पाऊस आडवा मारतो. तिथे खोल छज्जा आणि बाहेरून चांगलं वॉटरप्रूफिंग हवं, आणि पलंगाचं डोकं त्या भिंतीला नको. ओल म्हणजे बुरशी, बुरशी म्हणजे दम्याचा खोकला. अंथरुणं-चादरी चार महिने वाळत नाहीत, त्यांच्यासाठी पंखे लावलेली खोली किंवा ड्रायर नकाशातच धरा, नाहीतर ओले कपडे कठड्यांवर येतात आणि हात टेकायची जागा जाते. खिडक्यांना मच्छरजाळी सरकती, एका हाताने उघडणारी. इन्व्हर्टरवर रात्रीचे दिवे, हाकेच्या घंट्या, ऑक्सिजनची यंत्रं आणि हवेच्या गाद्या. जनरेटरवर लिफ्ट आणि पाण्याचा पंप. पाणी ठरावीक तासच येतं, टाकी दोन दिवसांची घ्या.

आग

अंथरुणावरच्या माणसाला जिन्याने खाली नेता येत नाही. त्यामुळे मजल्याचे दोन भाग करून मध्ये आगीला थोपवणारं दार घ्या. एका भागात धूर झाला की पलंग ढकलत दुसऱ्या भागात नेता येतात. म्हणूनच खोल्यांची दारं पलंग जाईल एवढी रुंद ठेवा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, फॉर्म बी, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. ते फक्त फाइलला लावू नका, त्या दिवशी रात्रपाळीच्या माणसांना घेऊन सराव करा. ग्रिलला लावलेलं कुलूप कुणाकडे आहे हे रात्री तीनला कळत नाही, म्हणून उघडणारं ग्रिल आणि काचेमागे किल्ली.

मावशी आणि मामा

त्यांना बसायला खुर्ची, डबा खायला खिडकी असलेली खोली, कपडे बदलायला कुलपाची जागा आणि स्वतःचं बाथरूम द्या. दिवसाचे बारा तास त्या ज्यांच्यासाठी राबतात, त्यांच्याशी त्या गोडीने बोलतील की नाही, याचा या खोलीशी थेट संबंध आहे. माणसाला उचलायला होइस्ट, म्हणजे उचलणारं यंत्र, आणि सरकवायला चादर द्या, पाठ गेली की चांगली माणसं काम सोडतात.

शेवटचे दिवस

प्रत्येक वृद्धनिवासात मृत्यू होणार, आणि नकाशात त्याला बहुतेक वेळा जागाच नसते. मजल्यावर एक खोली अशी ठेवा जिथे मुलगा किंवा लेक रात्रभर राहू शकेल: जोडीला दिवाण, गरम पाण्याची सोय, समई ठेवायला कोनाडा, वेगळी खिडकी. ज्याला आपल्याच खोलीत राहायचं असेल त्याला तिथून हलवू नका. गेलेल्या माणसाला मागच्या जिन्याने, कचऱ्याच्या वाटेने नेण्याची पद्धत मला सहन होत नाही. बरोबर राहिलेल्यांना सगळं कळतंच. समोरच्या दारातून न्या, ज्यांना हात जोडायचे असतील त्यांना जोडू द्या.

उघडण्याआधी

सगळं बांधून झालं की विश्वस्तांनी आणि आर्किटेक्टने प्रत्येकी एक रात्र तिथे राहावं. जुन्या चष्म्याच्या काचांना व्हॅसलीन चोळून, हातात जाड मोजे घालून, व्हीलचेअरवर बसून पलंगापासून संडासापर्यंत जा, अंघोळ करा, चहा करा, लिफ्टने गच्चीवर जा. जिथे मावशींना हाक मारावी लागली ती जागा वहीत लिहा. त्या वहीतल्या दुरुस्त्यांसाठी एकूण खर्चाचा दहावा हिस्सा आधीच बाजूला काढून ठेवा आणि उद्घाटनाच्या मांडवात खर्चू नका. राहणारी माणसं आली की तीन महिन्यांनी हीच वही त्यांच्या हातात द्या. दर्शनी भागात ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा १४५६७ हा नंबर मोठ्या आकड्यांत लावा, आणि त्याखाली खुर्चीत बसून हात पोचेल अशा उंचीवर फोन.